एरोबारवरून ब्रेक किती लांब?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी फोंड्यात राहते, वय 41, हायस्कुलात गणित शिकवते. आधी धावायला लागले, मग सायकल आली, गेल्या उन्हाळ्यात समुद्रात पोहायची भीतीही गेली. यंदा पणजीच्या आयर्नमॅन 70.3 ला नाव घातलंय, पोहणं, सायकल आणि धावणं अशी ती सलग शर्यत. सात आठवडे राहिलेत. त्यासाठी साठवलेल्या पैशांतून एक सेकंडहँड ट्राय बाईक, म्हणजे ट्रायथलॉनची खास सायकल घेतली, कार्बनची, खोल रिमची चाकं, रिम ब्रेक. खोक्यातून आली, शनिवारी संध्याकाळी मेकॅनिकने जोडून दिली आणि रविवारी पहाटे मी ती ग्रुप राइडला घेऊन गेले. सगळ्यांना दाखवायची हौस होती, खोटं कशाला बोलू.

पणजीहून रायबंदर, जुने गोवे आणि परत कदंब पठारावरून. मेरशीच्या उतारावर रस्त्यात गुरं बसली होती. पुढून हात दाखवले गेले, पण मी एरोबारवर होते, म्हणजे हँडलच्या पुढे आलेल्या दांड्यांवर कोपरं टेकवून वाकलेली. ब्रेक लावेपर्यंत माझं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला घासलं. कोणी पडलं नाही. पण कॅप्टन सगळ्यांसमोर ओरडले, "ही सायकल परत ग्रुपमध्ये आणायची नाही." घरी येऊन रडले. उजव्या हाताची करंगळी दुपारपर्यंत बधिर होती. नवरा म्हणतो, झेपत नसेल तर विकून टाक. कॅप्टन बरोबर होते का? मी ह्या सायकलच्या लायक नाही का? शर्यत कोणत्या सायकलवर करू? आणि ग्रुपमधली एक मैत्रीण पुढच्या राइडला "थोडा वेळ मला चालवायला दे" म्हणते, तिला काय सांगू?

एक वाचक, फोंडा

उत्तर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. कॅप्टनचं म्हणणं बरोबर होतं. ती सायकल त्या दिवशी ग्रुपमध्ये यायला नको होती. ते ज्या पद्धतीने बोलले ते मला पटलेलं नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. पण त्या उतारावर नेमकं काय झालं ते आधी नीट बघू या. पत्रात तुम्ही सगळं अचूक सांगितलंय आणि तरी दोष स्वतःच्या लायकीला दिलाय. लायकीचा इथे काही संबंध नाही.

ट्राय बाईकवर गिअर एरोबारच्या टोकाला असतात आणि ब्रेक बाहेरच्या आडव्या हँडलवर, म्हणजे बेस बारवर. कोपरं पॅडवर टेकवून पुढे वाकलं की बोटांखाली गिअर आहे, ब्रेक नाही. थांबायचं तर एक हात उचलून बाहेर न्यायचा, मग दुसरा, बोटं लीव्हरवर आणायची आणि त्यानंतर दाबायचं. तुम्ही गणित शिकवता, तुम्हीच मांडून बघा. ताशी 35 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ पावणेदहा मीटर. हात हलवायला एकच सेकंद धरला, तरी ब्रेक लागायच्या आधी सायकल तेवढी पुढे गेलेली असते. ग्रुपमध्ये पुढच्याचं मागचं चाक तुमच्यापासून फार तर मीटरभर. हे गणित कोणालाच सुटत नाही, वीस वर्षं सायकल चालवणाऱ्यालाही नाही. त्यात तुम्ही सरावलेल्या नव्हता, म्हणजे एका सेकंदाचा दीड झाला असेल.

चाकाला चाक लागलं की पुढच्याला सहसा काही होत नाही, मागचा पडतो. पुढचं चाक अडकलं की तोल सावरायला हँडल वळवताच येत नाही. आणि जो पडतो त्याच्या मागे आणखी लोक असतात. तुम्ही उभ्या राहिलात हे चांगलंच झालं, पण त्यात तुमच्या नशिबाचा वाटा होता हे कॅप्टनना दिसलं होतं. त्यांच्या आवाजातली भीती मला तुमच्या पत्रातूनही ऐकू येते.

ही सायकल बनली आहेच मुळी एकट्याने वारा कापायला. आयर्नमॅनमध्ये एज-ग्रुप, म्हणजे हौशी स्पर्धकांना ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने चालवायला, बंदी असते. पुढच्या सायकलपासून 12 मीटरचं अंतर राखायचं, त्या अंतरात शिरलात तर ठरलेल्या सेकंदांत ओलांडून पुढे जायचं, नाहीतर दंड. म्हणजे शर्यतीत तुमच्या पुढे मोकळा रस्ता असणार हे धरूनच ब्रेक हातापासून लांब ठेवणं परवडतं. ऑलिंपिकमध्ये उलट आहे. 2000 साली सिडनीत ट्रायथलॉन आलं तेव्हापासून तिथे ड्राफ्टिंगला मुभा आहे, आणि म्हणून जगातले सगळ्यात वेगवान ट्रायथलीट तिथे ड्रॉप हँडलच्या रोड बाईकवर असतात. घोळक्यात ट्राय बाईक आणायला त्यांनाही परवानगी नाही. तुमच्या कॅप्टननी जे सांगितलं तो त्यांचा हट्ट नव्हता, ह्या खेळाचा सर्वमान्य नियम आहे.

मला ह्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. घोळक्यात मागचा माणूस रस्ता बघत नसतो, तुम्हाला बघत असतो. खड्डा कुठे, गुरं कुठे, चेंबरचं झाकण कुठे, हे तुमच्या पाठीवरून आणि हातावरून तो ओळखतो. तुम्ही सरळ रेषेत जाल आणि अचानक थांबणार नाही ह्या एका भरवशावर तो पायडल मारतो. हा भरवसा तुम्ही त्याला तेव्हाच देऊ शकता, जेव्हा ब्रेक अर्धा दाबला तर काय होतं आणि पूर्ण दाबला तर काय होतं, हे तुमच्या स्वतःच्या हातांना माहीत असतं. शनिवारी संध्याकाळी जोडलेल्या सायकलबद्दल रविवारी पहाटे ते माहीत असणं शक्य नव्हतं. म्हणून "मी सायकलच्या लायक आहे का" हा प्रश्न सोडून द्या. सायकल ओळखीची झाली का, एवढंच बघायचंय, आणि सात आठवडे त्याला पुरतात.

आता सायकल भिंतीला टेकवून उभी करा आणि मी सांगते ते एकेक तपासा.

आधी लीव्हर. उजवा लीव्हर दाबला की कोणता ब्रेक लागतो? आपल्याकडे स्कूटर-मोटरसायकलची सवय असल्यामुळे उजवा हात म्हणजे पुढचा ब्रेक हे अंगात मुरलेलं असतं. पण युरोपातून किंवा अमेरिकेतून आलेल्या बऱ्याच सायकलींवर पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. सेकंडहँड सायकल कुठून कुठे फिरून आली असेल कोण जाणे. गुरं समोर आल्यावर मेंदू विचार करत नाही, सवयीचा हात दाबतो. तुमच्या जुन्या सायकलपेक्षा उलटं असेल तर मेकॅनिककडून केबल बदलून घ्या आणि मगच रस्त्यावर जा.

मग ब्रेकचे पॅड. कार्बनच्या रिमला कार्बनसाठीचेच पॅड लागतात. आधीच्या मालकाने कोणते लावलेत ते बघा. पॅड काढून उजेडात धरा. रबरात बारीक चमकणारे कण रुतलेले दिसले तर ते ॲल्युमिनियमचे. हे पॅड कधीतरी ॲल्युमिनियमच्या चाकावर वापरले गेलेत, आणि आता तेच कण तुमच्या महागड्या रिमवर चरे ओढतील. टाचणीने उकरून काढत बसू नका, पॅडच नवे घ्या. दुसरं म्हणजे कार्बनची रिम ओली असली की ब्रेक उशिरा पकडतो. चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पाणी पुसलं जातं आणि त्यानंतर खरी पकड येते. पाऊस अजून गेलेला नाही, त्यामुळे हा फरक तुम्हाला स्वतः अनुभवून ठेवायला हवा, आणि तो रिकाम्या रस्त्यावर.

बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे किती ताकदीने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने, तपासून घ्या. कार्बनच्या भागांवर किती ताकदीने आवळायचं ते बहुतेक वेळा त्या भागावरच छापलेलं असतं. जास्त आवळलं तर कार्बन तडकतो आणि कमी आवळलं तर खड्ड्यात सीट खाली सरकते किंवा एरोबार फिरतो. एरोबारचे आणि कोपराखालच्या पॅडचे बोल्ट लोक हमखास विसरतात. प्रवासातून आलेल्या सायकलचे तर सगळेच बघा.

खोल चाकांची आणखी एक अडचण आहे, ती पंक्चर झाल्यावरच कळते. 60 मिलिमीटर खोल रिमला साध्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बाहेर येतच नाही, 80 मिलिमीटरचा व्हॉल्व्ह किंवा तो लांबवणारा एक्स्टेंडर लागतो. ग्रुपमध्ये दहा जणांकडे ट्यूब असतील आणि एकही तुमच्या कामाची नसेल. दोन लांब व्हॉल्व्हच्या ट्यूब आजच घेऊन ठेवा.

माझा सल्ला असा की पहिले दोन आठवडे पुढे खोल चाक लावूच नका. जुन्या सायकलचं साधं चाक पुढे बसवा, पॅड त्याप्रमाणे बदला, ब्रेकची केबल जुळवून घ्या. रायबंदरच्या बांधावर एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी नि मिठागरं, वाऱ्याला अडवायला काही नाही. सकाळी नऊनंतर वारा सुटला की खोल रिम बाजूने ढकलली जाते आणि हँडल हातातून ओढल्यासारखं होतं. शेजारून बस गेली की आधी आत ओढ आणि मग बाहेर धक्का. पुढे झुकून, कोपरं जवळ घेऊन बसल्यावर हँडल आधीच चंचल झालेलं असतं, त्यात हे आणखी नको.

करंगळीबद्दल. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला जाणारी नस कोपराच्या आतल्या बाजूने, अगदी कातडीखालून जाते, आणि पुढे तळहाताच्या कडेने. एरोबारचा पॅड नेमका कोपराच्या टोकाखाली असेल तर नस दाबली जाते. पॅड कोपराच्या थोडा पुढे, हाताच्या मांसल भागाखाली यायला हवा. सीटचं नाक जास्त खाली झुकलेलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो, तेही बघा. सीटची उंची ठरवायला जुन्या सायकलवर पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा, नव्यावर तेवढंच ठेवा, आणि मग दोन-तीन मिलिमीटरच्या वर एका वेळी बदलू नका. ट्राय बाईकवर सीट पुढे असते, ती मुद्दाम तशी असते. पुढे वाकूनही मांडी आणि पोटात जागा राहावी आणि उतरल्यावर धावता यावं म्हणून. तिला जुन्या सायकलसारखी मागे ढकलू नका. शक्य असेल तर अंगाच्या मापाने सायकल लावून देणाऱ्या चांगल्या फिटरकडे एकदा जाऊन या. सायकलवर जे पैसे गेले त्यापुढे हा खर्च काहीच नाही. एवढं करूनही बधिरपणा येतच राहिला, किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकला, तर डॉक्टरांना दाखवा. नसेच्या दुखण्याची चालढकल करायची नसते.

सराव कुठे? सुरुवात घरी, ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. एरोबारवर वीस मिनिटं, मग अर्धा तास, मान आणि खांदे काय म्हणतात ते ऐकत. बाहेर पडाल तेव्हा फर्मागुढीचा उतार नको, हायवे नको. तुम्हाला पणजीच्या वाटेवरच जुने गोवे लागतं, तिथे व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जा आणि फेरीने दिवाडी बेटावर उतरा. फेरीच्या लोखंडी फळीवर क्लीटचे, म्हणजे पायडलला अडकणारे शूज घालून चालताना जपून, ओली असली तर ते हातात घ्या. दिवाडीच्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतले रस्ते अरुंद आहेत, पण सपाट आहेत आणि गाड्या कमी. तिथेही गुरं आहेत, पोदेर पाव घेऊन सायकलवरून येतो, शाळेची मुलं आहेत. म्हणून तुमची गती इतकीच ठेवा की कधीही हात बेस बारवर आणून थांबता येईल.

तिथे पहिले काही दिवस अंतर मोजू नका. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करा. एरोबारवरून बेस बारवर, ब्रेक, परत एरोबारवर. आधी हळू, मग थोडं वेगात. हात न बघता लीव्हरवर पडेपर्यंत. वाटेतला एखादा माड ठरवा आणि त्याच्यापाशी थांबायचं म्हणून थांबा. मग बाटली काढणं, पिणं, परत ठेवणं, सायकलची रेष न हलवता. मग मागे वळून बघणं. एरोबारवर असताना मान वळवली की सायकल त्या बाजूला जाते, प्रत्येकाची जाते. एक हात बेस बारवर ठेवून बघायला शिका. हे सगळं कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. शर्यतीत 90 किलोमीटर त्याच सीटवर बसून हेच करायचंय.

सराव संपला की सायकल गोड्या पाण्याने धुवा, कोरडी करा, चेनला तेल द्या. आपल्या हवेत मीठ आहे आणि एरोबारवर घाम सरळ बोल्टांवर टपकतो. गंजलेला बोल्ट शर्यतीच्या आदल्या रात्री सुटत नाही.

शर्यत कोणत्या सायकलवर, हे आज ठरवू नका. शर्यतीच्या तीन आठवडे आधी एक सकाळ त्यासाठी ठेवा. त्या दिवशी 60-70 किलोमीटर एकटीने ट्राय बाईकवर जा, त्यातला बराच वेळ एरोबारवर. हात न बघता ब्रेकवर जातात का, चालत्या सायकलवर रेष न सोडता पाणी पिता येतं का, आणि उतरून लगेच तीन-चार किलोमीटर धावता येतं का, एवढं बघा. तिन्ही जमलं तर ट्राय बाईक. एक जरी अडलं तर जुनी रोड बाईक काढा आणि तिच्यावरच जा, मनात काही न ठेवता. 2019 मध्ये मिरामारला पहिल्यांदा ही शर्यत झाली तेव्हापासून साध्या रोड बाईकवर ती पूर्ण करणारे लोक मी स्वतः रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत आलेय. पहिल्या शर्यतीत मान आखडून धावायला लागण्यापेक्षा थोडा वेळ जास्त लागलेला बरा. आणि त्या सकाळनंतर सायकलवर काहीही नवं लावायचं नाही, सीट नाही, टायर नाही, बाटलीचा पिंजरासुद्धा नाही.

नवऱ्याला हे सांगा, की विकायचा निर्णय त्या सकाळनंतर घेऊ. तोपर्यंत घरात ट्रेनर लावायला जागा करून दे म्हणावं.

मैत्रिणीला राइडच्या मध्ये सायकल देऊ नका. तिची उंची वेगळी, पायडल आणि क्लीट कदाचित वेगळे, आणि एरोबारची सवय तिलाही नसेल. जे तुमच्या बाबतीत झालं तेच तिच्या बाबतीत होईल, आणि तेव्हा सायकल तुमची असेल. तिला घरी बोलवा, ट्रेनरवर बसवा, हवा तेवढा वेळ चालवू द्या. त्यानंतरही तिला बाहेर चालवायची असेल तर दिवाडीला दोघी जा, सीट तिच्या मापाने लावा, आणि तिला एकटीला मोकळ्या रस्त्यावर फिरू द्या.

राहता राहिले कॅप्टन. ग्रुप चालवणाऱ्यांसाठीही मला इथे लिहायचंय, कारण त्यांच्यातले बरेच जण हे सदर वाचतात. निघण्याआधी पाच मिनिटं सगळ्या सायकलींवरून नजर फिरवणं हे नेत्याचं काम आहे. कोणाची सायकल नवी, कोणाचे एरोबार नवे, कोणी पहिल्यांदा आलंय, हे निघायच्या ठिकाणी उभं असतानाच विचारायचं असतं. तिथे दोन शब्द बोलले असते तर उतारावर ओरडायची वेळ आली नसती. चाळिशीत समुद्रात पोहायला शिकलेल्या बाईला दहा जणांसमोर असं बोललं तर ती दुसऱ्या रविवारी येत नाही, आणि ग्रुप तिच्यासारख्यांनीच उभा राहिलेला असतो. काळजी खरी होती, तर ती बाजूला घेऊन सांगता आली असती.

तरीही पहिला फोन तुम्हीच करा, ह्या रविवारच्या आधी. सायकलबद्दल तुमचं बरोबर होतं, सांगायची पद्धत मला लागली, ही दोन्ही वाक्यं एकाच फोनवर सांगा, एक गाळून दुसरं नको. ज्याच्या चाकाला तुमचं चाक लागलं त्यालाही वेगळा फोन करा आणि त्याचं चाक, टायर ठीक आहे का विचारा. आणि कॅप्टनना सांगा, की मी रविवारी जुनी सायकल घेऊन येते. पुढे कधी ट्राय बाईक आणायची वेळ आलीच, तर सगळ्यात मागे राहीन, पूर्ण वेळ हात बेस बारवर ठेवीन, पुढच्यापासून दोन-तीन सायकलींचं अंतर राखीन, चालेल का? चालेल म्हणाले तर ठीक. नाही म्हणाले तर वाद घालू नका. रविवार ग्रुपचा, जुन्या सायकलवर, आणि शनिवारची पहिली फेरी दिवाडीची.